पंपाचं बटण दाबण्याआधी पेटीतली पाल बघा

हस्ताच्या सरी विरळ झाल्या, हळवं भात कापणीला आलं. आता थोड्याच दिवसांत आगराचं शिपणं सुरू होईल आणि जूनपासून बंद असलेल्या पंपाचं बटण दाबलं जाईल. त्याआधी स्टार्टरची पेटी एकदा उघडा. चार महिन्यांत तिथे कुणीतरी बिऱ्हाड मांडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती पाल असते.

पावसाळ्यात बाहेर सगळी ओल. पेटी मात्र कोरडी, अंधारी, आणि वरच्या दिव्यावर येणारे किडे आयते. वायर आत घ्यायला पाडलेलं भोक निम्मं मोकळंच राहिलेलं असतं. पालीला तेवढी फट पुष्कळ. ती एका खेपेला बहुधा दोन पांढरी, कडक कवचाची अंडी घालते. जागा पसंत पडली की दुसऱ्या पालीही तिथेच येतात.

नुसती राहिली तर काही बिघडत नाही. पण दोन फेजच्या टर्मिनलांवर एकदम टेकली की पाल मरते आणि फ्यूजही जातो. कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये, चिरडली तर त्याहून वाईट. मेलेल्या पालीला मुंग्या लागतात, घाण साठते, पट्ट्या नीट बसत नाहीत. पेटी घरघरायला लागते आणि कॉइल तापून जळते. थ्री फेजवर एक पट्टी टेकली नाही आणि मोटर दोनच फेजवर ओढत राहिली, तर मोटरच्या आतलं तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंगच, जळून जातं. आमच्या विहिरीवर एका ऑक्टोबरात हेच झालं. मोटर भरून आणायला जे पैसे गेले, त्यात दहा पेट्या बुजवून झाल्या असत्या.

पेटी उघडताना मेन स्विच बंद करा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून चालू करणार नाही. सिंगल फेजच्या पॅनेलमध्ये कॅपॅसिटर असतो. तो वीज बंद केल्यावरही झटका देतो, म्हणून ते काम वायरमनकडूनच करून घ्या. घाण रंगकामाच्या कोऱ्या ब्रशने झाडा, ओलं फडकं नको. अंडी पत्र्याला घट्ट चिकटलेली असतात, खरवडताना फुटतात. त्याला इलाज नाही. मग वायरच्या भोकाला केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) बसवा किंवा एम-सील भरा. पेटीला हवेची भोकं असतील तर आतून बारीक जाळी लावा. डोक्यावरचा दिवा चार हात लांब हलवा. किडे तिकडे गेले की पालही त्यांच्या मागे जाते. पाल पळवायला अंड्याची टरफलं टांगून काही होत नाही, त्यांच्या शेजारीच पाल बसलेली मी पाहिली आहे. डांबराच्या गोळ्या उडून जातात, फट तशीच राहते.

पाइपांचंही तेच. मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, रचलेल्या पाइपांत सापसुरळ्या शिरतात, कुंभारीण मातीचं घर करते. ठिबकच्या नळ्या जोडण्याआधी टोकं उघडी ठेवून थोडा वेळ पाणी जाऊ द्या. पुढच्या पावसाळ्यात टोकांना गोणपाट बांधा.

नारळाच्या जुन्या सोडणांच्या (सालींच्या) आणि चिऱ्यांच्या ढिगात मात्र हात घालू नका. पाली-सापसुरळ्या तिथे असतात, आणि त्यांना खाणारे सापही. फुरसं आपल्याकडे अशाच दगडांखाली सापडतं. ढीग लांब दांड्याने हलवा, पायात बूट घाला. पालींच्या मागे घरात येणारा कवड्या बिनविषारी आहे, पण लोक त्याला मण्यार समजतात. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे मानेपाशी पुसट असून शेपटीपर्यंत ठळक जातात. तरी ओळख पटवायला जवळ जाऊ नका.

पाल, सरडा, सापसुरळी या तिघांनाही विष नाही. सापसुरळी विषारी म्हणून मारली जाते, ती उगाच. दगडी गडग्याच्या कडेने फिरून ती दिवसभर किडेच टिपते. तरी तिच्या भरवशावर आंब्याच्या तुडतुड्याची फवारणी टाळू नका, मोहोरावरचा तुडतुडा तिच्याने आवरणारा नाही. पालीच्या लेंड्यांतून मात्र पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात, म्हणून परसातली पालेभाजी धुऊनच चिरा.

काजूच्या बागेत ग्रास कटर चालवताना चारी बाजूंनी आत येऊ नका. एका कडेने सुरुवात करा, म्हणजे सरड्या-सापसुरळ्यांना दुसरीकडे पळता येतं. गडग्यालगत हातभर गवत राहू द्या. भाजीच्या वाफ्यावरचे पिवळे चिकट सापळे पिकाच्या वर टांगा. जमिनीलगत असले की सरड्याची पिल्लं चिकटतात. चिकटलंच तर ओढू नका, खोबरेल तेल सोडून हळूहळू सोडवा. कुंपणाला लावलेलं मासेमारीचं जुनं जाळं ताणून जमिनीपासून वर बांधा. सिमेंटच्या उघड्या टाकीत झावळीचा एक दांडा तिरका टाकून ठेवा, पडलेला सरडा त्यावरून वर येतो आणि पाणी नासत नाही.

सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या असतील तर तिथे सरडा नको, तो दारातच माश्या टिपतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि पेटीला टेकणारी फांदी छाटा. फांदी राहिली तर वाट्यांचा काही उपयोग नाही.