हर्मिट खेकडा नांगीवरून ओळखायचा

गोव्यात हणजूण, वागातोर, दोना पावला इथल्या कातळांवर ओहोटीला डबकी उरतात. त्यांत शंख पाय टाकत चालताना दिसला की तो हर्मिट खेकडा, म्हणजे गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब ओसरतं. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. पावसाळ्यात कातळावर उतरूच नका.

तुमची सावली पडली की खेकडे अंग आत ओढून घेतात आणि शंखासकट तळाला घरंगळतात. मग पाच मिनिटं हलायचं नाही. गोगलगाय संथ सरकते. खेकडा पाय टाकत, थबकत चालतो. शंखाच्या तोंडाशी चकतीसारखं झाकण असेल तर आत गोगलगाय, नांग्या दिसल्या तर खेकडा.

शंखावरून जात ठरवू नका. तो उसना असतो, आणि एकाच जातीचे खेकडे नाना तऱ्हेच्या शंखांत सापडतात. नांग्या बघा. दोन्ही जवळपास सारख्या असतील तर बहुधा क्लिबॅनेरियस (हे हर्मिट खेकड्यांच्या एका गटाचं शास्त्रीय नाव). कातळी डबक्यांत आधी हाच शोधावा. डावी नांगी ठळक मोठी असेल तर बहुधा डायोजेनिस, हा दुसरा गट. हा वाळूच्या तळाशी बघा. फोटोत दोन्ही नांग्या, डोळ्यांचे देठ आणि पायांवरचे पट्टे स्पष्ट यायलाच हवेत, नाहीतर जाणकारालाही जात सांगता येत नाही.

खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे घरबदल. रिकामा शंख सापडला की खेकडा तो फिरवतो, बाहेरून चाचपतो, मग नांगी आत घालून जागा मापतो. पसंत पडला तर मऊ, वळलेलं पोट जुन्या शंखातून काढून क्षणात नव्यात. कधी दुसऱ्याच्या शंखावर आपला शंख आपटत राहून त्यालाच बाहेर काढतो.

खेकड्याला ओढून बघू नका. पोटाच्या टोकाच्या आकड्यांनी तो शंखाचा मधला खांब धरून असतो. तुटेल, पण सोडणार नाही. शंकूच्या आकाराच्या शंखाला हातच लावू नका, आत जिवंत विषारी गोगलगाय असू शकते. नांग्या-पायांसकट पोकळ, हलकं कवच पडलेलं दिसलं तर तो मेलेला खेकडा समजू नका. बहुतेकदा ती टाकलेली कात असते.

रिकामे शंख मात्र तिथेच राहू द्या. मापाचा शंख मिळाला नाही तर वाढलेल्या खेकड्याला पूर्ण आत शिरता येत नाही, आणि मोठे खेकडे, मासे त्याला सहज धरतात.