न्यूयॉर्कचा सेंट अन् आपला क्विंटल: कापसाचा भाव घरीच कसा काढायचा

मागच्या हंगामात खेडा खरेदीवाला दारात गाडी लावून माझ्या बाबांना म्हणाला, "भाऊ, काल रात्री न्यूयॉर्क तुटलं, आज ३०० कमीच लागतीन." घरात कापूस आढ्याला टेकलेला, पोरांच्या अंगाला खाज, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर. बाबांनी मान हलवली अन् १८ क्विंटल काट्यावर चढला. रात्री मी मोबाईलवर बघितलं तर न्यूयॉर्क तुटलं होतं हे खरं, पण दीडच सेंट, आणि त्याच दिवशी डॉलर ६० पैशांनी वर गेला होता. हिशोब केला तर क्विंटलमागं ७० रुपयेच कमी व्हायला पाहिजे होते. उरलेले २३० गुणिले १८ तुम्हीच करा. तेव्हापासून हा हिशोब मी गावात ज्याला त्याला शिकवतो, आज इथं लिहितो.

आधी भाव कुठं बघायचा ते. न्यूयॉर्क म्हणजे आयसीई या अमेरिकन एक्सचेंजवरचा 'कॉटन नंबर २' वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यात द्यायच्या मालाचा आज ठरलेला भाव. मोबाईलवर 'आयसीई कॉटन' असं टाकलं की फुकटात दिसते, थोडा उशिराचा असते पण आपल्याला चालते. भाव असते एका पौंडाला अमेरिकन सेंटमध्ये, म्हणजे ६८ दिसलं तर ०.६८ डॉलर पौंड, आणि हा भाव रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, आपल्या घरातल्या कापसाचा नाही, इथंच बरेच लोक फसतात. वायद्याचे महिने पाच: मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर, डिसेंबर. चार्टवर त्यांची अक्षरं एच, के, एन, व्ही, झेड अशी दिसतीन. काल डिसेंबर बघितला अन् आज मार्च, असं करू नका, दोन महिन्यांच्या भावात फरक असतेच, तो तेजी-मंदीचा समजून बसाल. आपल्या दिवाळीच्या मालाला डिसेंबर बघा, नंतर मार्च. बाजार आपल्याकडच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, म्हणून सकाळी उठून चहासोबत बघितलेला भाव म्हणजे कालचा पक्का भाव.

आता हिशोब, आणि हा लय सोपा आहे राजेहो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. ३४ किलो म्हणजे जवळपास ७५ पौंड. म्हणून सेंटची पाऊणपट करा आणि डॉलरच्या भावानं गुणा, झालं. समजा न्यूयॉर्क ६८, डॉलर ८८ रुपये. ६८ची पाऊणपट ५१, गुणिले ८८ म्हणजे ४,४८८. ही तुमच्या क्विंटलमधल्या रुईची किंमत. जिनिंगवाले, म्हणजे रुई-सरकी वेगळी करणारे, खंडीत बोलतात, खंडी म्हणजे ७८४ पौंड, साधारण ३५६ किलो. त्यासाठी सेंट गुणिले ७.८४ गुणिले डॉलर. वरच्याच आकड्यांवर खंडी ४६,९०० च्या घरात येते.

त्यात सरकी मिळवा. सरकी ३,६०० रुपये क्विंटल धरली तर ६४ किलोचे २,३०४. सरकीला कमी समजू नका, कापसाच्या किमतीचा तिसरा हिस्सा तीच आहे, आणि तिचा भाव न्यूयॉर्कवर नाही, तिचं तेल आणि ढेप (तेल काढून उरलेलं जनावरांचं खाद्य) यांवर चालते. ढेपेचा एनसीडीईएक्सचा (आपल्या देशातल्या शेतमालाच्या वायदेबाजाराचा) वायदा आपल्या अकोल्याच्या डिलिव्हरीवर चालत आला, तोही अधूनमधून बघत जा. दोन्ही मिळून ६,७९२, त्यातून जिनिंग, प्रेसिंग, हमाली, गाडीभाडं, व्यापाऱ्याचा नफा असे चारेकशे काढले तर ६,४०० च्या आसपास. (आकडे समजावायला धरलेले आहेत, तुम्ही त्या दिवशीचे टाका.)

यातून दोन गोष्टी पाठच करून ठेवा. ८८च्या डॉलरला न्यूयॉर्क एक सेंट हललं की क्विंटलमागं ६६ रुपये हलतात. आणि ६८ सेंटच्या भावाला डॉलर एक रुपया हलला की ५१ रुपये. म्हणजे रुपया घसरला की आपल्या कापसाला आधार मिळते, पण हे दारातला व्यापारी कधीच सांगत नाही, तो फक्त न्यूयॉर्कच सांगते, अन् तेही तुटलं तरच.

पण आपल्या गावचा भाव या हिशोबाला तंतोतंत जुळणार नाही, मधात सरकार आहे. २०२१ च्या बजेटपासून आयात रुईवर ११ टक्के ड्युटी लागली. गिरणीवाला बाहेरची रुई बघते तेव्हा न्यूयॉर्कवर प्रीमियम, जहाजभाडं जोडून बघते. समजा ती बंदरात ५३,८०० रुपये खंडी पडते, तर ११ टक्के म्हणजे ५,९०० वर. आपल्या क्विंटलच्या हिशोबानं तेच ५६० रुपये होतात. ही ड्युटी १९ ऑगस्ट २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५ काढून टाकली होती, नेमकी आपला माल घरात यायच्या वेळेला. मला याचा फार राग आहे, कारण वेचणीला मजूर मिळत नाहीत, बोंडअळीची फवारणी वेगळीच, आणि भाव पाडणारा कागद दिल्लीत एका दिवसात निघते. म्हणून न्यूयॉर्कसोबत ड्युटीची बातमीही ठेवा.

भाव का हलते हेही थोडं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा, यूएसडीएचा, जगभरच्या पिकाचा अंदाज दर महिन्याला १० ते १२ तारखेच्या आसपास येते, त्या दिवशी विकायची घाई करू नका. २०२३-२४ मध्ये ब्राझील अमेरिकेला मागं टाकून सगळ्यात मोठा निर्यातदार झाला, तिकडं पीक बंपर आलं की आपल्यावर दाब येते. २०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क २०० सेंटच्या वर गेलं होतं, २०२२ च्या मे महिन्यात १५० च्या वर. आणि हे नातं आजचं नाही, १८६१ ला अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या लिव्हरपूलच्या कापूस बाजाराची नजर वऱ्हाडावर आली, आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे पोचली ती कापसासाठीच.

एक कळकळीचं सांगतो. हा भाव बघायचा आहे, त्यावर पैसे लावायचे नाहीत. गावागावात पोरं येतात, ॲप टाकून देतात, "विदेशी मार्केटमध्ये डबल" म्हणतात. परदेशी एक्सचेंजवर मार्जिन (सौद्याची अनामत) भरायला भारतातून पैसे पाठवायची आरबीआयची परवानगीच नाही. आरबीआयनं अशा बेकायदा फॉरेक्स ॲपची अलर्ट लिस्ट साईटवर टाकली आहे. कापसाचे पैसे तिकडं गेले की परत येत नाहीत.

आता विकायचं कसं. तुमचा आकडा हमीभावाजवळ ठेवा. २०२५-२६ ला लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० होता. वरच्या ६,४०० सारखा आकडा निघाला तर व्यापाऱ्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही, सीसीआयच्या (हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्राची नोंदणी आधी करा. तिथं ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं १२ पर्यंत टक्क्यामागं टक्का कपात, १२ च्या वर माल परत. ११ निघाला तर ८,११० मधून २४३ गेले. म्हणून दवातली वेचणी वेगळी ठेवा, दोन दिवस ऊन दाखवा, फरदड (हंगाम संपल्यावर राखलेल्या झाडांचा कापूस) मिसळू नका.

आणि ३४ किलोचा उतारा डोळे मिटून धरू नका. मी आणि आईनं एका संध्याकाळी १०० ग्रॅम कापूस सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजला, बोटांनी एकेक सरकी सोडवली, आईची बोटं माझ्यापेक्षा दुप्पट चालत होती, आणि शेवटी रुई ३६ ग्रॅम भरली. मग पाऊणपटीच्या जागी ०.७९ धरायचं, म्हणजे त्याच ६८ आणि ८८ वर रुईचेच ४,७२७. पहिल्या वेचणीचा उतारा वेगळा काढा, उलंगवाडीच्या, म्हणजे शेवटच्या वेचणीच्या, मालाचा वेगळा, आणि दोन्ही आकडे सातबाऱ्याच्या पिशवीतल्या वहीत लिहून ठेवा.