लांबच्या राइडसाठी रोड बाइक बदलताना पैसे कुठे घालावेत

सायकलवर चाळीस-पन्नास किलोमीटर मजेत होतात, पण त्यापुढे मान आखडते, तळहाताला मुंग्या येतात, आणि शेवटच्या चढावर गिअर संपून जातात. मग नवी रोड बाइक बघायला सुरुवात होते आणि पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारावा. बजेट बेताचं असेल तर आधी तीन गोष्टी बघा: बसण्याची ठेवण, टायरला मिळणारी जागा आणि चढाचा गिअर. पहिल्या दोन फ्रेमसोबतच येतात, नंतर कितीही खर्च केला तरी फारशा बदलत नाहीत. तिसरी बदलता येते, पण महागात पडते.

वजनाचा हिशोब एकदा करून टाकू. स्वार ७० किलो, सायकल १० किलो, एकूण ८०. सायकल एका किलोने हलकी झाली तर ओझं सव्वा टक्का कमी झालं. तासाभराच्या खड्या चढावर याचा फायदा साधारण पाऊण मिनिट. सपाटीवर तेवढाही नाही, कारण तिथे झुंज वाऱ्याशी असते. त्या एका किलोसाठी मोजावी लागणारी रक्कम मात्र बहुतेक वेळा डोळे पांढरे करणारी असते.

आता ठेवण. नवी सायकल बघायला जाण्याआधी टेप घ्या आणि आत्ताची सायकल मोजा. क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) मध्यापासून, म्हणजे ते ज्या आसाभोवती फिरतात तिथून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची, सीटच्या टोकापासून हँडलबारच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि हँडल सीटपेक्षा किती खाली आहे ते. शेजारी लिहा की कुठे आणि किती वेळाने दुखतं. हा कागद दुकानदाराच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी पडतो.

मग प्रत्येक सायकलच्या भूमिती-तक्त्यात, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात, दोन आकडे शोधा, स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या फ्रेमच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंत सरळ वर मोजलं की स्टॅक, आडवं मोजलं की रीच. ५४, ५२, मीडियम असल्या साइझच्या नावांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी असते. स्टॅकला रीचने भागा. ५४० भागिले ३८० म्हणजे १.४२, ही शर्यतीची वाकलेली बैठक. ५७० भागिले ३७५ म्हणजे १.५२, ही लांब पल्ल्याची. ज्यांची कंबर आणि मान तासन्‌तास वाकून राहायला सरावलेली नाही, त्यांनी दीडच्या आसपासच बघावं.

‘स्पेसर (हँडलखालच्या कड्या) टाकून हँडल वर घेऊ’ असं सहज सांगितलं जातं. थोडंफार जमतं, पण हेड ट्यूब तिरकी असल्याने ३० मिलिमीटर स्पेसर घातले की हँडल जवळजवळ ९ मिलिमीटर मागेही येतं. शिवाय कार्बन फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीवर किती स्पेसर चालतात याला कंपनीने मर्यादा घातलेली असते. मुळात बुटकी असलेली फ्रेम अशी उंच होत नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे लहान साइझबद्दल जरा जास्तच सांगते. हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागतं का, ते दुकानाबाहेरच बघा. थोडं घासणं लहान फ्रेमवर सर्रास आढळतं आणि वेगात त्रास देत नाही, पण माहीत असलेलं बरं. क्रँक १६५ मिलिमीटरचा मिळत असेल तर घ्या, लहान पायांच्या गुडघ्यांना १७०-१७२.५ चा फेरा जड जातो. हँडलबार खांद्याच्या रुंदीचा हवा, मला ३८ सेंटीमीटर पुरतो. ब्रेकची लिव्हर स्क्रूने जवळ आणता येते, ते विक्रेत्याकडून समोर करून घ्या. आणि रंग बदलून ‘महिलांसाठी’ म्हणून विकलेल्या सायकलचेही तेच दोन आकडे तपासा.

टायरबद्दल मी अडून बसते. निदान ३२ मिलिमीटरचा टायर मावला पाहिजे, मडगार्ड लावणार असाल तर ३५. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खड्याला उडतो, त्या उडण्यात तुमची ताकद खर्च होते आणि धक्के मनगटात जमत राहतात. दोन तासांत ते कळत नाही, पाचव्या तासाला कळतं. जागा तपासायची सोपी रीत: बसवलेला टायर आणि फ्रेम यांच्या फटीतून ५ मिलिमीटरचा ॲलन की (षटकोनी पाना) दोन्ही बाजूंनी सरकवा. फोर्कच्या वरच्या कमानीखाली बघा आणि क्रँकमागे जिथे दोन नळ्या चाकाला बिलगतात तिथेही बघा, अडचण बहुधा तिथेच असते. टायरवर छापलेल्या रुंदीवर विसंबू नका, रुंद रिमवर तोच टायर आणखी फुगतो.

गिअरसाठी पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ मिळाला तर उत्तम, हे आकडे चक्रांच्या दातांचे. ३४ ला ३४ म्हणजे पायाच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा. मिनिटाला ७० फेरे मारले तर वेग ताशी ९ किलोमीटरच्या जवळ. मागे २८ चं मोठं चक्र असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना जवळजवळ ११ चा वेग ठेवावा लागतो. दमलेले पाय चढावर तेवढं देत नाहीत, मग फेरे मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

शिमानो कंपनीच्या गिअर-संचांपैकी क्लॅरिसला मागे ८, सोराला ९, टियाग्राला १० गिअर, आणि १०५ ला पिढीनुसार ११ किंवा १२. बेताच्या बजेटमध्ये सोरा किंवा टियाग्रा आणि चांगली फ्रेम हीच माझी निवड. कमी गिअरच्या चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) साधारणतः स्वस्तही पडतात. डिस्क ब्रेकसाठी फ्रेम आणि फोर्क तसेच बनलेले असावे लागतात, नंतर बसवू म्हणून चालत नाही. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) परवडला तर लहान हातांना लांब उतारावर खरोखर आराम मिळतो, नाहीतर केबलवरचा डिस्कही पुरतो. फ्रेम ॲल्युमिनियम आणि फोर्क कार्बन, एवढं पुष्कळ झालं.

सेकंडहँड घेणार असाल तर पट्टी सोबत न्या. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर पिनचाच मध्य येतो. तो दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली. तीन मिलिमीटर पुढे असेल तर कॅसेटही गेली असं धरून किंमत पाडा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलखाली खटखट जाणवली तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल आहे किंवा संपला आहे. सीटची दांडी तुमच्यासमोर वर-खाली करून दाखवायला सांगा. अडकलेली दांडी फ्रेमचाच जीव घेऊ शकते. रिम ब्रेक असेल तर रिमच्या बाजूवर पट्टी टेकवा, मध्ये खोलगट दिसलं तर चाकं संपत आली. मागे उभं राहून डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेची) दोन छोटी चक्रं कॅसेटशी सरळ रेषेत आहेत का बघा. कार्बन फ्रेम असेल तर खालची नळी, फोर्कची मुळं आणि मागच्या नळ्या ओल्या कापडाने पुसून उजेडात नीट बघा. रंगाला तडा आणि त्याखाली बोटाला दबल्यासारखं लागलं तर ती सायकल सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. आणि मूळ बिलाशिवाय, फ्रेम नंबर जुळवल्याशिवाय व्यवहार करू नका.

ठरलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. सायकलसोबत येणारे टायर बहुधा जाड आणि जड असतात, पहिला खर्च लवचीक, चांगल्या टायरवर करा. स्टेम (हँडलबार धरणारा पुढचा तुकडा) १० मिलिमीटर लांब-आखूड करावा लागू शकतो, तेही यातच. सीट मात्र लगेच विकत घेऊ नका. जुनी मानवत असेल तर तीच नव्या सायकलवर चढवा. मानवत नसेल तर कडक स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा ठेवून बसा, बुडाच्या दोन हाडांच्या खुणांमधलं अंतर मोजा, त्यात साधारण २ सेंटीमीटर मिळवा आणि त्या रुंदीची सीट शोधा.

चाचणी निदान तासभर मागा. नवी सायकल आली की मोजलेली उंची तशीच लावा, मग एका वेळी एकच गोष्ट ३-४ मिलिमीटरने बदला आणि दोन राइड तिला द्या. पहिल्या लांब राइडनंतर स्टेम, सीट आणि क्रँकचे बोल्ट टॉर्क की (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) घेऊन तपासा. किती न्यूटन-मीटर ते बहुतेक वेळा भागावरच छापलेलं असतं.