वॉरगेमच्या टेबलावर घोर्फा

छोट्या सैनिकांच्या प्रतिकृतींनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळात, म्हणजे वॉरगेममध्ये, वाळवंटी टेरेन (टेबलावर मांडायच्या इमारती आणि भूभागाची मॉडेल्स) म्हणजे फक्त घुमट नव्हेत. दक्षिण ट्युनिशियातले घोर्फा करून पाहा: कमानी छताची धान्यकोठारं, एकावर एक चार मजल्यांपर्यंत, दारं आतल्या चौकाकडे. बाहेरची भिंत आंधळी, त्यामुळे खेळात चौकाचं प्रवेशद्वार जिंकणं हीच खरी लढाई होते! २८ मिमी उंचीच्या सैनिकांसाठी टिश्यू रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी उभी चिरून तिचा अर्धा भाग दोन सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याच्या भिंतींवर बसवा. दारं ठेंगणीच हवीत. वर वॉल पुट्टी, फेविकॉल आणि चाळलेली रेती यांचा पातळ लेप, बोटाने ओबडधोबड. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात पुठ्ठा वाकतो, म्हणून आतूनही फेविकॉलचा हात द्या आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच रंगवा.