सीओईपी मिळेल का? पर्सेंटाइल बाजूला ठेवा, मेरिट नंबर बघा

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की तासाभरात घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: "९९.१ आहेत, सीओईपी मिळेल का?" सीओईपी म्हणजे पुण्याचं नावाजलेलं इंजिनीअरिंग कॉलेज, पण एवढ्यावर उत्तर देता येत नाही. कोणती ब्रँच, कोणता प्रवर्ग आणि त्या वर्षी परीक्षेला किती मुलं बसली, हे तिन्ही कळायला हवं. पहिल्या दोन गोष्टी लोक विचारतात. तिसरी कुणी विचारत नाही, आणि सगळा अंदाज तिथेच चुकतो.

एक टक्का, पण कितीचा?

पीसीएम गटाची एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १००, गणिताचे १००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते आणि पेपर सारखे नसतात, म्हणून प्रवेशासाठी गुण नाही तर त्या-त्या सत्रातला पर्सेंटाइल धरतात. त्यामुळेच "१५० गुणांना किती पर्सेंटाइल" अशी जी कोष्टकं मोबाइलवर फिरतात, त्यांच्यावर निकालाआधी फार विसंबू नका. सोप्या सत्रातले १५० आणि अवघड सत्रातले १५० यांत बराच फरक पडतो.

९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली ९९ मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आणि एक टक्का पुढे. आता हा एक टक्का मोजा. २०२४ साली पीसीएमची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी दिली, म्हणजे ९९ वाल्याच्या पुढे साधारण २,९५० जण. २०२५ साली परीक्षा दिलेल्यांचा आकडा सुमारे ४ लाख २२ हजारांवर गेला. त्याच ९९ ला पुढे साधारण ४,२२० जण झाले. पर्सेंटाइल तोच, पण रांगेत साडेबाराशे माणसं जास्त. सीओईपीतल्या जागा काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. "गेल्या वर्षी अमुक ब्रँच ९९ ला बंद झाली, मला ९९.२ आहेत, म्हणजे मिळणारच" हा हिशोब अशा वर्षी साफ आपटतो.

म्हणून तुलना मेरिट नंबरची, म्हणजे गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाची करायची. निकालानंतर आणि गुणवत्ता यादी लागायच्या आधी अंदाज काढायचा असेल तर १०० मधून तुमचा पर्सेंटाइल वजा करा, उरलेल्याला परीक्षा दिलेल्यांच्या संख्येने गुणा आणि १०० ने भागा. ९७.५ पर्सेंटाइल आणि ४ लाख २२ हजार मुलं असतील तर २.५ टक्के म्हणजे १०,५५०. तुमचा खरा मेरिट नंबर याहून बराचसा पुढचा, म्हणजे लहान, निघेल. कारण सीईटी दिलेली सगळी मुलं कॅपला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला, नोंदणी करत नाहीत. काही राज्याबाहेर जातात, काही वेगळ्याच वाटेला लागतात. हा आकडा फक्त जास्तीत जास्त किती मागे असाल ते सांगतो. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तो विसरा आणि यादीतला नंबर धरा.

दोघांचा एकूण पर्सेंटाइल अगदी सारखा आला तर आधी गणिताचा, मग भौतिकशास्त्राचा, मग रसायनशास्त्राचा पर्सेंटाइल बघतात. बारावीचे गुण पात्रतेपुरते: पीसीएमला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के. तेवढे असले की पुढच्या स्पर्धेत त्यांचं काम जवळपास संपतं.

कटऑफची पीडीएफ कशी वाचायची

जागावाटपाच्या प्रत्येक राउंडनंतर सीईटी सेल, म्हणजे ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं राज्याचं कार्यालय, संस्थावार कटऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचा आकडा, प्रसिद्ध करतं. प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेकांची नजर थेट कंसात जाते. ती वरच्या आकड्यावर ठेवा.

मग रकान्याचा कोड बघा. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या भागात आहे तिथेच बारावी केलेल्यांच्या) जागा, ओ म्हणजे त्याबाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. सीओईपीत जागा राज्यस्तरीय आहेत, म्हणून तुमचा रकाना जी-ओपन-एस, जी-ओबीसी-एस असा. पुण्यात बारावी केली म्हणून इथे काही फायदा नाही आणि नांदेडला केली म्हणून तोटाही नाही. विनाअनुदानित संलग्न कॉलेजांत मात्र ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या असतात, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. दोन्हीकडचे रकाने एकमेकांत मिसळू नका.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षणशुल्क माफीच्या जागा, मंजूर जागांच्या वर ५ टक्के असतात आणि त्यांना आठ लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा असते. जागा दोन-चारच आणि फी माफ, त्यामुळे त्यांचा कटऑफ बहुतेकदा त्याच ब्रँचच्या खुल्या कटऑफपेक्षाही वर राहतो. "सवलतीची सीट आहे, सोपी असेल" हा समज डोक्यातून काढून टाका. तिचा चॉइस कोडही (पर्याय भरताना द्यायचा क्रमांक) वेगळा, शेवटी टी असलेला. हवी असेल तर ती त्याच ब्रँचच्या साध्या कोडच्या वर भरायची. खाली भरली आणि साधी सीट आधी मिळाली, तर टीएफडब्ल्यूएसपर्यंत गाडी पोचतच नाही.

एकाच रकान्यात टप्प्यांच्या बऱ्याच ओळी दिसतात. पहिल्या टप्प्याची ओळ धरा. पुढच्या टप्प्यांत रिकाम्या राहिलेल्या जागा दुसऱ्या प्रवर्गांकडे वळतात आणि तिथे कधीकधी भलताच खालचा आकडा दिसतो. तो पाहून हुरळून जाऊ नका.

आकडा इतका हलतो का?

६० जागांची ब्रँच घ्या. सध्याच्या आरक्षणात अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि ओबीसी मिळून ५० टक्के, शिवाय एसईबीसी (मराठा आरक्षण) १० टक्के. खुल्या राहिल्या २४. त्यांतल्या ३० टक्के मुलींसाठी, म्हणजे सात. दिव्यांग आणि संरक्षण दलातल्यांच्या पाल्यांचा वाटा काढला की जी-ओपन-एस मध्ये हाताशी उरतात पंधराच्या आसपास. एवढ्याशा जागांत पाच मुलांनी मन बदललं तरी शेवटचा मेरिट नंबर शे-दोनशेने इकडेतिकडे होतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर पैज लावू नये, निदान तीन वर्षांचे शेजारी-शेजारी लिहावेत.

तीन वर्षं बघतानाही एक खाच आहे. एसईबीसी आरक्षण २०२४ च्या प्रवेशांपासून आलं. त्यामुळे २०२३ चे खुल्या आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आकडे त्यानंतरच्या आकड्यांशी सरळ जुळत नाहीत. खुल्या जागा कमी झाल्या, आणि ईडब्ल्यूएसमधली बरीच मुलं एसईबीसीकडे गेली. या दोन प्रवर्गांसाठी २०२४ च्या आधीचं फक्त कल समजण्यापुरतं वापरा. जागा वाढल्या का, नवी ब्रँच सुरू झाली का, हेही त्या वर्षीच्या मंजूर जागांच्या यादीत बघून घ्या.

आपण कुठे आहोत ते ठरवणं

प्रत्येक ब्रँचसमोर दोन आकडे लिहा: पहिल्या राउंडचा शेवटचा मेरिट नंबर आणि अखेरच्या राउंडचा. तुमचा नंबर तिन्ही वर्षी पहिल्या राउंडच्या आतच असेल तर ती ब्रँच जवळपास हातातली. दोन आकड्यांच्या मधे असाल तर आशा खरी आहे, पण थांबावं लागेल. आयआयटी-एनआयटीकडे जाणारी मुलं कॅपच्या यादीतही असतात आणि ती जागा सोडतात तसतसा शेवटचा मेरिट नंबर वाढत जातो आणि मागच्यांना जागा मिळते. अखेरच्या राउंडच्याही दहा टक्क्यांहून जास्त बाहेर असाल तर भरायला हरकत नाही, पण त्यावर योजना आखू नका. कॉम्प्युटरला पुढच्या राउंडांत फारशी हालचाल होत नाही, कारण ते मिळालेली मुलं सहसा सोडत नाहीत. मेटलर्जी, सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग यांत ती जास्त होते.

हा सगळा हिशोब प्रवर्गाची कागदपत्रं वेळेत असतील असं धरून आहे. जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेला नसेल, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि कागदावर हातातली वाटणारी सीट एका दिवसात आवाक्याबाहेर जाते. वैधतेला वेळ लागत असेल तर खुल्या प्रवर्गाचा रकानाही आजच काढून ठेवा.

क्रम लावताना

जागावाटपात तुमचा नंबर आला की तुमचे पर्याय वरून खाली तपासले जातात. वर अशक्य वाटणारं भरल्याने खालचं हातचं जात नाही. उलट मोठी चूक दुसरीच: "हे नक्की मिळेल" म्हणून साधा पर्याय पहिल्या क्रमांकावर ठेवणं. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तिनांतला, तिसऱ्याला पहिल्या सहांतला, की सीट आपोआप फ्रीज होते. पुढच्या राउंडला जाता येत नाही, आणि चौथ्या राउंडला जे मिळेल ते अंतिम. समजा सीओईपी मेकॅनिकल तुमच्या दोन आकड्यांच्या मधे आहे आणि सिव्हिल हातातलं. सिव्हिल पहिलं भरलंत तर पहिल्याच राउंडला मिळेल आणि दार बंद होईल. मेकॅनिकल पहिलं आणि सिव्हिल दुसरं भरलंत तर पहिल्या राउंडला सिव्हिल मिळेल, ते स्वीकारून फ्रीज न करता पुढे जाता येईल. मात्र दुसऱ्या राउंडला तीनची अट लागते. तेव्हा फॉर्म पुन्हा भरताना सिव्हिलच्या वर निदान तीन असे पर्याय ठेवा, ज्यांतला कुठलाही मिळाला तरी तुम्ही खुशीने घ्याल.