रविवारची शाळा घरापर्यंत कशी न्यावी

संडे स्कूल, म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांसाठी भरणारा बायबलचा वर्ग, नव्यानं सुरू करायचं ठरलं की कमिटीत पहिली चर्चा होते ती प्रोजेक्टरची, बाहुल्यांची आणि बक्षिसांची. ते सगळं वर्षभरानं आलं तरी चालतं. आधी लागतात ती प्रत्येक वर्गाला दोन मोठी माणसं आणि नीट ठेवलेली एक वही. दोन अशासाठी, की एखाद्या मुलाला शू लागली तर एकटा शिक्षक अडकतो: त्याला घेऊन गेला तर वर्ग मोकाट, आणि नाही गेला तर पुढचं सांगायला नको. शिवाय कुणाही मोठ्या माणसानं बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर थांबायचं नाही, हा नियम मुलाला जपतो तसा शिक्षकालाही जपतो. ही दोघं शक्यतो नवराबायको नसावीत. त्यांच्या नात्यात लग्न निघालं की वर्गच बंद पडतो.

वहीत प्रत्येक मुलामागे एक पान ठेवा. नाव, जन्मतारीख, दोन फोन नंबर, ॲलर्जी किंवा चालू औषध, कोणती लिपी वाचता येते, आणि मुलाला घरी नेण्याची परवानगी कुणाकुणाला आहे. हा शेवटचा रकाना लोक विसरतात आणि अडचण नेमकी तिथेच येते. आईवडील वेगळे राहत असतील किंवा ताब्याचा दावा कोर्टात असेल, तर 'मी याचा काका' एवढ्यावर मूल कुणाच्या हाती देता येत नाही. पान मुलाच्या पालकाकडूनच भरून, सही घेऊन ठेवा. मे महिन्यातल्या व्हीबीएसला (सुट्टीतल्या बायबल शाळेला) शेजारपाजारची, इतर धर्मांतली मुलंही येतात. त्यांच्या पालकांना कार्यक्रमात काय शिकवलं जाणार ते स्पष्ट सांगून लेखी संमती घ्या.

वर्ग वयानुसार पाडायचे तर ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११ आणि १२ ते १५ असे चार गट सोयीचे पडतात. सर्वांत लहान गटात पाच मुलांमागे एक मोठं माणूस, ६ ते ८ मध्ये आठांमागे एक, त्यापुढे दहा-बारांमागे एक पुरतं. पण मुलं तीनच असली तरी माणसं दोन हवीतच. खेड्यातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, एकूण बाराच मुलं असली तर चार गटांचा हट्ट नको. वाचता येणारी आणि न येणारी, एवढे दोन वर्ग करा.

वेळेचा प्रश्न प्रत्येक मंडळीत निघतो. उपासनेआधी पाऊण तास वर्ग घेतला तर मुलं नंतर आईवडिलांशेजारी बसतात, आणि हे उत्तम. पण मुंबई-पुण्यात दोन गाड्या बदलून येणारं कुटुंब रविवारी नऊला पोचत नाही. मग संदेशाच्या, म्हणजे पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) प्रवचनाच्या वेळी वर्ग घ्यावा लागतो. त्यात तोटा असा, की मूल संदेशाआधी बाहेर जातं ते थेट शेवटच्या आशीर्वादाला परततं. दहा वर्षं असं चाललं की मोठ्यांची उपासना त्याला परकी होते आणि संडे स्कूल संपताच ते येणंच सोडतं. यावर इलाज म्हणून महिन्यातल्या एका रविवारी वर्ग बंद ठेवा. त्या दिवशी शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) मुलांनी वाचायचा, अर्पण मुलांनी गोळा करायचं आणि पाळकांनी संदेश पंधरा मिनिटांत आटपायचा. मागच्या बाकावरून कुणी 'शू, गप्प!' म्हणत असेल, तर त्यांच्याशी पाळकांनीच आधी बोलून ठेवावं.

४५ मिनिटांचा वर्ग साधारण असा बसतो: आल्यावर हजेरी आणि गप्पा ५, गाणी ८, गोष्ट १०, कृती १५, प्रार्थना आणि मुलं पालकांच्या ताब्यात देणं ७. गाण्यांना पेटी-टाळ असले तर कीबोर्ड नसल्याचं काही अडत नाही. ख्रिस्ती भजनं लिहिणाऱ्या ना. वा. टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. त्यांचा वारसा असलेल्या मंडळीत मुलांनी फक्त इंग्रजी ॲक्शन साँग्ज म्हणावीत, हे काही बरं दिसत नाही.

एक पाठ नमुन्यादाखल पाहू. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातलं हरवलेलं नाणं: दहांतलं एक नाणं हरवल्यावर घर झाडून ते शोधणाऱ्या बाईची गोष्ट. साहित्य: एका वाडग्यात एक रुपयाची दहा नाणी, एक केरसुणी, एक टॉर्च. मुलं यायच्या आत एक नाणं लपवा, पण कपाटावर किंवा खिडकीत नको. चढाचढ होऊन कुणीतरी पडतं. चटईखाली ठेवा. मुलांकडून नाणी मोजून घ्या: नऊच भरतात. मग दिवा लावून, केर काढून घर धुंडाळणारी बाई सांगता सांगता टॉर्च आणि केरसुणी मुलांच्या हातात द्या. दहापेक्षा जास्त मुलं असली तर दोन तुकड्या आणि दोन वाडगे हवेत, नाहीतर दोन दांडगी मुलं शोधतात आणि बाकीची बघत बसतात. लहान गटात खरी नाणी नकोत, ती तोंडात जातात. पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या कापा.

हा पाठ बिघडतो तो नाणं सापडल्यावर. शिक्षक सापडवणाऱ्याला चॉकलेट देतात आणि गोष्टीची शर्यत होऊन जाते. त्या बाईनं मैत्रिणींना, शेजारणींना बोलावून आनंद केला होता. म्हणून खाऊ सगळ्यांना द्या आणि टाळ्याही सगळ्यांनी वाजवा. मग एकच प्रश्न विचारा: 'त्या बाईनं एका नाण्यासाठी एवढं घर का झाडलं असेल?' उत्तर शिक्षकानं देऊ नये. 'म्हणून मुलांनो, आपण...' असं वाक्य सुरू झालं की मुलं चपला शोधू लागतात.

पाठांतराचं वचन (बायबलमधली ओळ) आठ-दहा शब्दांच्या आत असावं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढं छोट्यांना पुरे. पाठांतराला बक्षीस लावलं की दर वेळी तीच चार मुलं जिंकतात, बाकीची रविवारी पोट दुखतंय म्हणतात. सगळ्या वर्गानं मिळून म्हणावं. इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं मराठी फाडफाड बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. त्यांना सगळ्यांसमोर शास्त्रपाठ वाचायला उभं करू नका. वचन मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून शब्दाखाली बोट ठेवत तीनदा एकत्र वाचा, मग एकेक शब्द पुसत जा. पाच मिनिटांत वचन पाठ होतं आणि अक्षरंही ओळखीची होतात. तसंही १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी चालवलेल्या संडे स्कूलमध्ये, आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचायलाच शिकवत होते.

आठवड्यातला एक तास चर्चचा, बाकीचे १६७ घरचे. म्हणून बुधवारी संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच निरोप टाका: झालेली गोष्ट दोन ओळींत, वचन, आणि जेवताना विचारायचा एक प्रश्न. उदाहरणार्थ, 'आज आपल्या घरात काय हरवलं आणि कुणी शोधलं?' रोजचा निरोप, तीन मिनिटांचा व्हिडिओ, पानभर अभ्यास यातलं काहीच टिकत नाही. आई आठला घरी पोचते, बाबा रात्रपाळीला निघालेले असतात, आणि मूल पुष्कळदा आजीजवळ असतं. आजीकडे स्मार्टफोन नसेल तर तोच मजकूर छापील चिठ्ठीवर रविवारीच द्या.

आईवडील दोघंही घरी आणि दोघंही ख्रिस्ती, हे गृहीत धरू नका. 'बाबा का नाही आले?' हा प्रश्न वर्गात नको. मदर्स डेला 'घरात माझी काळजी घेणाऱ्या माणसाला' असं कार्ड करायला लावा. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाचे आजोबा. आईवडिलांपैकी एक जण दुसऱ्या धर्माचा असेल, तर घरच्या प्रश्नातून मूल त्याच्याविरुद्ध साक्षीला उभं राहणार नाही एवढं पाहा.

सुरक्षिततेत 'आपलीच माणसं आहेत' ही सबब चालवू नका. वर्गाचं दार उघडं ठेवा, नाहीतर त्याला काच असावी. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय फेसबुकवर नकोत. मुलानं लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि त्याचे शब्द तारखेसह लिहून ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती किंवा शंका पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं कलम २१ खाली गुन्हा ठरतो. प्रकरण कमिटीत मिटवायचा अधिकार कुणालाच नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर फळ्याशेजारी कायम लावा.

नववी-दहावीत गळती होते, कारण रविवारी सकाळी क्लास असतो. जानेवारी ते मार्च त्यांचा वर्ग पंधरा दिवसांतून एकदा, अर्ध्या तासाचा ठेवा आणि दृढीकरणाची (चर्चचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीची) तयारी परीक्षेनंतर घ्या. त्यांना लहानांच्या वर्गात मदतीला घेतलं की ती टिकतात. मात्र चौदा वर्षांच्या मुलीला दोन मोठ्यांतली एक म्हणून मोजू नका.

मूल लागोपाठ दोन रविवार आलं नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता शनिवारच्या आत फोन करा. 'का आला नाहीत?' असं विचारलं की पालक सबबी सांगतात. 'आरव आता बरा आहे ना? त्याचं चित्र आमच्याकडे राहिलंय' असं म्हटलं की घरात काय चाललंय ते आपोआप कळतं. त्याच दिवशी ते वहीतल्या त्याच्या पानावर टिपून ठेवा. रविवारी शिक्षक बदललेला असेल, तर ते पान त्यानं आधी वाचलेलं असावं.