फ्रीज नसेल तरी उन्हाळ्यात इन्सुलिन कसं टिकवायचं

"घरात फ्रीज नाही, इन्सुलिन नको, गोळ्यांवरच भागवू." परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यांत हे अजूनही ऐकू येतं. ज्याला डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय त्याचं गोळ्यांवर भागत नाही, आणि टाईप १ मधुमेहाच्या लेकराचं (ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) तर एक दिवसही नाही. फ्रीज नसणं हे इन्सुलिन टाळायचं कारण होऊच शकत नाही. मातीची एक कुंडी, एक गाडगं, घमेलंभर वाळू आणि थर्मामीटर एवढ्यावर चालू बाटली मे महिन्यातही वापरण्याजोगी राहते. मात्र मातीचं भांडं नुसतं आणून ठेवलं की काम झालं, असं नाही. ते रोज बघावं लागतं, आणि बहुतेकांचं चुकतं ते तिथंच.

आधी आकडे डोक्यात पक्के हवेत. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवली तर तिच्यावरच्या तारखेपर्यंत टिकते. एकदा सुई टोचली की तीच बाटली फ्रीजबाहेर साधारण ४ आठवडे चालते, पण तापमान २५ ते ३० अंशांच्या आत असेल तरच. नेमकी मर्यादा प्रत्येक इन्सुलिनची थोडी वेगळी असते, ती बाटलीसोबतच्या कागदावर छापलेली असते. तो कागद फेकू नका. पहिली सुई टोचली ती तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा.

आपल्याकडची साधी बाटली १० मिलीची, प्रत्येक मिलीत ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. रोज ३० युनिट लागत असतील तर ती १३ दिवसांत संपते, मुदतीची काळजीच नाही. रोज १० च लागत असतील तर हिशोबानं ४० दिवस पुरेल, पण २८ दिवस झाले की उरलेली टाकायची. जिवावर येतं, पैसे जातात, तरी टाकायची.

फ्रीज असणाऱ्यांसाठी एवढंच: बाटली दाराच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याच्या खालच्या ट्रेमध्ये कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. लाईट गेली की दार उघडू नका.

कुंडी तयार करणं

पाण्याचा नेहमीचा माठ इथं उपयोगाचा नाही, त्याचं तोंड अरुंद असतं. कुंभाराकडून रुंद तोंडाची, भाजलेली, बिनरंगी कुंडी घ्या. आत सगळीकडून दोन-दोन बोटं जागा सोडून बसेल असं गाडगं घ्या. कुंडीच्या बुडाला भोक असेल तर चिखलाच्या गोळ्यानं बुजवा. तळाला दोन इंच धुतलेली वाळू, तीवर गाडगं, भोवती काठापर्यंत वाळू. वाळू पूर्ण भिजेपर्यंत पाणी, आणि तोंडावर ओल्या गोणपाटाची दुहेरी घडी. झालं.

ऑइल पेंट किंवा वॉर्निश लावलेलं, चकचकीत, नक्षीचं भांडं घेऊ नका. वाळूऐवजी शेतातली काळी माती भरू नका. ती फुगते, चिकटते आणि छिद्रं बंद करते.

बाटली आधी घट्ट झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या डबीत आणि मग डबी गाडग्यात. पिण्याच्या माठात पिशवी बांधून बाटली सोडायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पिशवीला बारीक भोक पडतं, लेबल सुटतं, तारीख पुसली जाते, आणि रबरी बुचावर पाणी साचलं की सुईबरोबर घाण आत जाते. शिवाय घरातलं प्रत्येक माणूस त्या माठात तांब्या बुडवतं.

कुंडी चालू ठेवणं, म्हणजे खरं काम

कुंडी गार राहते ती पाणी बाहेर झिरपून हवेत उडून जातं म्हणून. पाणी उडताना कुंडीची उष्णता घेऊन जातं. त्यामुळे तीन गोष्टी सतत लागतात: आत ओल, भिंतीत उघडी छिद्रं, बाहेर कोरडी वाहती हवा. यातली एक जरी थांबली तरी ती कुंडी म्हणजे नुसतं मातीचं भांडं.

जागेपासून सुरू करा. कुंडी जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवू नका, अडणीवर ठेवा, म्हणजे बुडाखालूनही वारा लागेल. माळवदाचं घर असेल तर ओसरीवरची, उन्हाची तिरीपही न येणारी जागा उत्तम. पत्र्याचं घर असेल तर दुपारी छत अक्षरशः भाजतं. तिथं आत ठेवण्यापेक्षा बाहेर कडुलिंबाखाली, दाट सावलीत, वाऱ्याला ठेवलेली बरी. शेळ्या-कुत्र्यांपासून जपण्यापुरतं जाळीचं टोपलं वर उपडं घाला. सावली सरकते, म्हणून दुपारी दोन वाजता आणि चार वाजता जाऊन बघा. सकाळी निवडलेली सावली दुपारी तिथं नसते. चुलीजवळ, टीव्हीच्या कपाटावर, बंद अलमारीत नाही. कपाटात हवाच नाही, मग पाणी उडणार कुठे?

पाणी सकाळी, बाराच्या सुमाराला आणि चारला. कडक उन्हाळ्यात दिवसाला एक-दोन लिटर जातं. एकदाच भरपूर ओतून दिवसभर विसरलं तर तीन वाजता, सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच, वरची वाळू सुकलेली असते. टँकरच्या दिवसांत हे पाणी जड वाटतं, पण साबणाचं किंवा तांदूळ धुतलेलं पाणी वापरू नका. छिद्रं बुजतात आणि वास सुटतो.

आता सगळ्यात फसवी अडचण. मराठवाड्यात ठिकठिकाणी बोअरचं पाणी क्षाराचं असतं. ते कुंडीतून झिरपतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. महिना-दीड महिन्यात कुंडीच्या अंगावर पांढरा थर येतो. वाळू ओली असते, गोणपाट ओलं असतं, सगळं नीट दिसतं, पण कुंडी गार करायचं थांबलेली असते. घरातल्यांना वाटतं उन्हाळाच वाढलाय. दुपारी कुंडीच्या बाहेरून तळहात लावून बघा. भिंत दमट आणि थंड लागली तर कुंडी जिवंत आहे. वाळू ओली आणि भिंत कोरडी, खडबडीत, पांढरी असेल तर छिद्रं बुजलीत. कुंडी रिकामी करा, नारळाच्या काथ्यानं कोरडीच घासा, रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा घासा. थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. म्हणून बाहेरची कुंडी दर उन्हाळ्याला नवी घ्यायची. त्या पैशांत कंजूषी करू नका, एक बाटली वाया गेली तर त्याहून महाग पडते. जमलं तर जारच्या फिल्टरचं पाणी घाला. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र अजिबात नको, साधं बोअरचं परवडलं इतके त्यात क्षार असतात.

हे सगळं बरोबर चाललंय का, ते हातानं नाही, आकड्यानं ठरतं. वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याचं टोक बाटलीच्या डबीत आणि पडदा बाहेर. रोज दुपारी तीन-चारला आकडा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सकाळचा आकडा बघून समाधान मानू नका, सकाळी सगळंच गार असतं. बाहेर ४२ असताना चांगल्या कुंडीत साधारण २६ ते २९ दिसतो. ३० किंवा कागदावर छापलेली मर्यादा ओलांडली तर वर सांगितलेल्यातलं काय थांबलंय ते शोधा. वळवाच्या पावसानंतर हवा दमट होते तेव्हा कुंडीचं बळ कमी होतं, हा दोष कुंडीचा नाही. त्या दिवसांत आकडा दोनदा बघा.

आणि कुंडी म्हणजे फ्रीज नव्हे. तिच्यात चालू बाटली आणि फार तर पुढची एक. सरकारी दवाखान्यातून एकदम तीन-चार बाटल्या मिळाल्या तर बाकीच्या आरोग्य केंद्राच्या, मेडिकलवाल्याच्या किंवा शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

इन्सुलिन उतरलं, हे ओळखणं

पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा मुळात दुधाळ असणाऱ्यात गुठळ्या दिसल्या, काचेला कण चिकटले, तर बाटली बाद. दुधाळ इन्सुलिन घेण्याआधी तळहातांत १०-२० वेळा हळू घोळवायचं, खळाखळा हलवायचं नाही. पण उष्णतेनं ताकद उतरलेलं इन्सुलिन बहुतेक वेळा दिसायला तसंच असतं. डोळे इथं कामाचे नाहीत, साखर मोजायचं यंत्र कामाचं.

खाणं तेच, काम तेच, डोस तोच, ताप नाही, जखम नाही, आणि साखर तीन-चार दिवस चढतेय? आधी बाटली बदला. डोस वाढवू नका. उतरलेल्या बाटलीवर डोस ३० वरून ४० केला, मग नवी, पूर्ण ताकदीची बाटली आली आणि ४० च टोचले, तर त्याच दिवशी साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, भोवळ, आणि माणूस शेतात एकटा असेल तर जीवावर बेततं. ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांना सांगताना "बाटली उन्हात होती" हे आधी सांगा, ते विचारायची वाट बघू नका.

बाटलीबद्दल शंका आहे पण दुसरी नाही, तेव्हा टाईप १ वाल्यानं इन्सुलिन बंद करायचं नाही. आहे तेच ठरलेल्या डोसनं घ्या, साखर जास्त वेळा मोजा आणि त्याच दिवशी नवी आणा. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर नव्या बाटलीची वाट न बघता दवाखाना. शेजाऱ्याच्या पेनमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढू नका. पेनमध्ये साधारणतः मिलीला १०० युनिट असतात, लाल टोपणाची सिरिंज ४० ची, म्हणजे डोस अडीचपट जातो.

प्रवासात

मोटारसायकलच्या डिकीत, एसटीच्या टपावर, उन्हात उभ्या जीपमध्ये बाटली ठेवायची नाही. रुंद तोंडाचा थर्मास गार पाण्यानं आतून थंड करा, पाणी ओतून टाका, कोरड्या डबीतली बाटली आत ठेवा. बर्फ टाकायचाच असेल तर बाटली आणि बर्फ यांच्यात जाड फडक्याची घडी हवी, नाहीतर बाटली गोठते.

ऊसतोडीला जाताना कुंडी आणि गाडगं बारदानात गुंडाळून गाडीत भांड्यांबरोबरच घ्या, वाळू तिथं मिळते. फेब्रुवारी-मार्चला कोपी (ऊसतोड्यांची झोपडी) दुपारी चांगलीच तापते. म्हणून कुंडी कोपीच्या बाहेर, सावलीच्या बाजूला ठेवा, आणि फडावर जाताना पाणी घालायचं काम कोपीवर थांबणाऱ्या एका ठरावीक माणसाला सांगून जा.